परमुलखांतील बट्टा

मराठी भाषेंत नांवाला बट्टा लागतो, अब्रूला बट्टा लागतो. परंतु या शब्दाचा नित्याचा राबता होता तो सराफकट्ट्यावर. एका टांकसाळीचें नाणें देऊन दुसऱ्या टांकसाळीचें नाणें घेतांना सराफ जी कपात करी, तिला बट्टा म्हणत. आजच्या पिढींतील गृहस्थांनीं हा शब्द हिशेबाच्या वहींत क्वचितच लिहिला असेल. तथापि लंडनच्या एखाद्या दुकानांत अथवा सिंगापूरच्या उपाहारगृहांत भारतीय बँकेच्या कार्डानें पैसे देतांना यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर एक प्रश्न उमटतो. रक्कम रुपयांत घ्यावयाची कीं तेथील चलनांत, असें तें यंत्र मोठ्या अदबीनें विचारतें. पुष्कळ प्रवासी आपला रुपया पाहून सुखावतात आणि रुपयांवर बोट ठेवतात. बट्टा लागतो तो त्या क्षणीं. तो कसा लागतो व कसा टाळावा, हें समजण्यास बट्ट्याचा पूर्वेतिहास पाहणें उपयुक्त आहे. कारण यंत्र नवें असलें तरी त्यामागील व्यवहार फार जुना आहे.

इ. स. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा झाला, त्या वेळीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता. तहासाठीं त्यानें जीं कलमें पुढें ठेवलीं, त्यांत इंग्रजांचें नाणें शिवछत्रपतींच्या राज्यांत चालावें असें एक कलम होतें. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या प्रवासवृत्तांतांत या कलमास मिळालेल्या उत्तराचा आशय नमूद आहे. राज्यांत कोणत्याहि नाण्यास मज्जाव नाहीं. परंतु जें नाणें घेतल्यानें प्रजेचें नुकसान होईल तें घेण्याची सक्तीहि तिच्यावर करतां येणार नाहीं. इंग्रजांचें नाणें मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतकें शुद्ध आणि वजनदार असेल, तर त्यास मनाई होणार नाहीं. उत्तर थोडक्यांत आहे, पण चलनाच्या व्यवहाराचें मर्म त्यांत आलें आहे. मनाई नाहीं आणि सक्तीहि नाहीं. मात्र पारख झाली पाहिजे, आणि घेणाऱ्यास ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे.

ही मोकळीक कागदावर असणें निराळें आणि रयतेच्या पदरांत पडणें निराळें. पेशवाईच्या काळांत महाराष्ट्रांत व आसपासच्या मुलखांत एक रुपया असा नव्हताच. अनेक रुपये होते. पुण्याकडे अंकुशी रुपया चाले, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी निराळा, बागलकोटचा मल्हारशाही निराळा, नागपूरचा नागपुरी निराळा. सरकार स्वतः टांकसाळ चालवी, तसेंच खाजगी इसमांसहि शुल्क घेऊन टांकसाळीचे परवाने देई. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं मराठेशाहींतील चलन व टांकसाळी यांवर स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून या विषयाचें महत्त्व ध्यानांत येईल. प्रत्येक रुपयाचें वजन थोडें वेगळें, चांदीचा कस वेगळा. म्हणून प्रत्येकाचा भावहि वेगळा. रुपया वाजवून पाहणें, कसाला लावणें, तोलणें आणि मग भाव सांगणें हें सराफाचें काम. सरकारी खजिन्यांत हेंच काम करणारा पोतदार. आज तें केवळ एक आडनांव उरलें आहे. परंतु त्या काळीं पोतदारानें नाणें बाजूस सारलें, म्हणजे भरणा करणाऱ्याचें काळीज धडधडत असे.

कारण उघड होतें. सारा कोणत्या रुपयांत भरावयाचा हें ठरलेलें असे, आणि धान्य विकून कुणब्याच्या हातीं जो रुपया येई तो निराळाच असूं शके. मग एका रुपयाचा दुसरा करून घेण्यासाठीं सराफाची पायरी चढावी लागे. सराफाच्या कामास किंमत होती, यांत संशय नाहीं. पारख ही विद्या आहे, तिला मोबदला मिळणें न्याय्यच होय. परंतु भाव सांगणारा एक, मोजून घेणाराहि तोच, आणि समोरच्या माणसास आजच्या आज भरणा करावयाचा. अशा स्थितींत न्याय्य मोबदला कोठें संपतो व नड पाहून घेतलेला बट्टा कोठें सुरू होतो, हें अडलेल्या माणसास कळण्याचा मार्ग नसे. ज्यास चार ठिकाणीं भाव विचारण्याची सवड असे तो थोडक्यांत सुटे. ज्यास सवड नसे तो सगळा बट्टा सोसून घरीं जाई.

बट्टा नेहमीं धातूच्या दोषामुळेंच लागे असेंहि नाहीं. याचा नमुना बंगाल्यांत पाहावयास मिळतो. अठराव्या शतकांत तेथें नवा पाडलेला सिक्का रुपया पहिल्या वर्षीं पूर्ण किंमतीनें चाले. वर्ष पालटलें कीं त्याच रुपयावर शेकडा तीन आणि त्यापुढें शेकडा पांच बट्टा बसे. एका वर्षांत चांदी कांहीं तितकी झिजत नाहीं. नाण्यावरचें वर्ष तेवढें जुनें होई. मुर्शिदाबादच्या जगत्‌शेटांची पेढी या नाणेबदलाच्या उलाढालींत अग्रेसर होती, आणि टांकसाळीवरहि तिचा मोठा पगडा होता. जुनीं नाणीं बट्ट्यानें घ्यावीं, वितळवून पुन्हां नवीं पाडावीं आणि पूर्ण किंमतीनें बाहेर काढावीं, असा तो रहाटगाडगा होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बट्टा हा केवळ धातूचा नसतो. तो पुष्कळदां चालरीतीचा असतो आणि भाव सांगण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो, त्याच्या सोयीचा असतो.

मग दूरच्या प्रवासास निघणारा शहाणा माणूस काय करी? काशीयात्रेस निघालेल्या गृहस्थापुढें दोन वाटा असत. कंबरेला रुपयांची पिशवी बांधून निघावें आणि मुलूख बदलेल तेथें तेथें अनोळखी सराफाकडून नाणें बदलून घ्यावें, ही एक वाट. तींत चोराचें भय होतें आणि वाटेवर जागोजाग बट्टाहि होता. दुसरी वाट हुंडीची. आपल्या गांवच्या सावकाराकडे रक्कम भरून काशीच्या पेढीवर हुंडी करून घ्यावी. हुंडींत रक्कम लिहिली जाई, तिची निम्मी रक्कम लिहून तिची दुप्पट असें पुन्हां नमूद केलें जाई, आणि ती कोणत्या चलनांत द्यावयाची हेंहि लिहिलें जाई. दर्शनी हुंडी दाखवितांच रोकड मिळे. मुदती हुंडी मुदत भरल्यावर पटे. या व्यवहारासाठीं सावकार जी हुंडणावळ घेई ती फुकट नव्हती, परंतु ती घरीं, निघण्यापूर्वीं, दोन-चार पेढ्यांवर विचारपूस करून ठरवितां येत असे. परमुलखांत अडलेल्या स्थितींत भाव ठरविण्यापेक्षां स्वतःच्या गांवीं, ओळखीच्या पेढीवर, आकडा आधीं समजून घेऊन ठरविलेला भाव बरा, हें त्या काळच्या यात्रेकरूस अनुभवानें ठाऊक होतें.

इ. स. १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या मुलखांत एकच रुपया केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी. सराफकट्ट्यावरचा बट्टा हळूहळू ओसरला. परंतु सगळीकडून गेला नाहीं. निजामाच्या राज्यांत हाली सिक्का चालूच राहिला. औरंगाबाद अथवा नांदेड येथील माणूस मुंबईस निघाला कीं त्यास हाली रुपयांचे इंग्रजी रुपये करून घ्यावे लागत. हैदराबाद भारतांत विलीन झाल्यावर सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये हा दर चाले, आणि १९५९ मध्यें तें चलन कायमचें बंद झालें. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींतील रुपिया जाऊन एस्कुदो आला, आणि १९६१ मध्यें गोवा मुक्त झाल्यावर तेथेंहि भारतीय रुपया चालूं लागला. महाराष्ट्रांतील व गोव्यांतील ज्या वृद्धांनीं तो काळ पाहिला, त्यांस सीमा ओलांडतांना पैसा कसा आटतो हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

युरोपांतहि प्रवाशांची अडचण हीच होती व तोडहि त्याच जातीची निघाली. इ. स. १७७२ मध्यें लंडन येथें रॉबर्ट हेरीज यानें प्रवाशांसाठीं अशा चिठ्ठ्या काढल्या कीं त्या युरोपांतील अनेक शहरांत वटवितां याव्या. टॉमस कुक यांच्या कंपनीनें १८७४ मध्यें आपल्या चिठ्ठ्या सुरू केल्या. इ. स. १८९१ मध्यें अमेरिकन एक्सप्रेस कंपनीनें प्रवासी धनादेश काढला. त्याची खुबी अशी कीं, एका डॉलर-रकमेच्या धनादेशाबद्दल इंग्लंडांत किती पौंड आणि फ्रान्सांत किती फ्रँक मिळावयाचे, हें त्या कागदावरच छापलेलें असे. पहिल्या महायुद्धापूर्वीं चलनांचे परस्परदर सोन्याशीं जखडलेले असल्यामुळें हें शक्य झालें. प्रवाशास भाव आधींच ठाऊक. परमुलखांतील दुकानदारास तो फिरवितां येत नसे.

यानंतर कार्डें आलीं. अमेरिकेंत १९५० सालीं डायनर्स क्लबचें कार्ड निघालें, १९५८ सालीं कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत बँक ऑफ अमेरिकेनें आपलें कार्ड काढलें. त्याचेंच पुढें १९७६ मध्यें व्हिसा असें नामकरण झालें. भारतांत मुंबईच्या सेंट्रल बँकेनें १९८० मध्यें कार्डाचा आरंभ केला. कार्ड म्हणजे एका अर्थीं दर्शनी हुंडीच होय. परदेशांतील दुकानदार आपल्या चलनांत रक्कम मागतो. व्हिसा अथवा मास्टरकार्ड यांसारखी संस्था त्या रकमेचे आपल्या घाऊक दरानें रुपये करते, आणि कार्ड देणारी बँक त्यावर आपली हुंडणावळ चढविते. भारतीय बँकांची ही हुंडणावळ बहुधा शेकडा दोन ते साडेतीन असते. कांहीं कार्डांवर ती मुळींच नसते. तीवर अठरा टक्के वस्तु व सेवा कर बसतो. हा आकडा बँकेच्या दरपत्रकांत छापलेला असतो आणि निघण्यापूर्वीं तो घरीं बसून वाचतां येतो.

हा आकडा ग्राहकास उघड दिसलाच पाहिजे, ही गोष्ट भांडल्याशिवाय पदरांत पडली नाहीं. अमेरिकेंत परदेशी खरेदीवरील या आकाराबद्दल ग्राहकांनीं मोठा दावा लावला. व्हिसा, मास्टरकार्ड आणि कित्येक बँका हे प्रतिवादी होते. इ. स. २००६ मध्यें ३३ कोटी ६० लक्ष डॉलर देण्याच्या तडजोडीनें तो मिटला. ज्यांनीं १९९६ पासून २००६ पर्यंत परदेशांत कार्ड वापरलें होतें, त्यांस या रकमेंत वांटा मागतां आला.

याच सुमारास दुसरा एक बट्टा जगभर पसरत होता, आणि प्रारंभीं सांगितलेला यंत्राचा प्रश्न त्याचाच आहे. परदेशी दुकानदाराची बँक किंवा तिच्या वतीनें काम करणारी कंपनी कार्डाच्या क्रमांकावरून ओळखते कीं, हें कार्ड भारतांतील आहे. मग पौंडांचे रुपये तेथल्या तेथें, दुकानांतच, करून देण्याची तयारी ती दर्शविते. दर तिचा. त्या दरांत घाऊक दरापेक्षां शेकडा तीन ते आठ, कधीं त्याहूनहि अधिक वाढ केलेली असते. या नफ्याचा कांहीं वांटा दुकानदारासहि मिळतो. म्हणून कधीं कधीं विक्रेता ग्राहकास न विचारतांच रुपयांचें बटण दाबून मोकळा होतो. पैसे काढण्याच्या यंत्रांवरहि हाच प्रकार आढळतो. तेथें तर रुपयांतील रक्कम नाकारली तर पैसेच मिळणार नाहींत कीं काय, अशी भीति वाटावी अशा बेतानें प्रश्न मांडलेला असतो. वस्तुतः तो दर नाकारला तरी पैसे मिळतात. रूपांतर मात्र स्वतःच्या बँकेकडे होतें.

भारतीय कार्डधारकाची याहून मोठी फसगत दुसरीकडेच होते. पावती रुपयांत झाली म्हणजे आपल्या बँकेचा आकार तरी वांचला, असें त्यास वाटतें. परंतु दुकान परदेशांत असल्यामुळें तो व्यवहार परदेशीच गणला जातो, आणि कित्येक भारतीय बँका अशा रुपयांतील व्यवहारावरहि आकार घेतात. एकाच खरेदीवर दोन सराफांचा बट्टा बसतो.

आंकडे मांडून पाहिलें तर गोष्ट अधिक उघड होईल. समजा, घाऊक दरानें दहा हजार रुपये किंमतीची खरेदी झाली. ग्राहकानें तेथील चलन पत्करलें आणि त्याच्या बँकेची हुंडणावळ शेकडा दोन असली, तर २०० रुपये आकार व त्यावर ३६ रुपये कर, मिळून १०,२३६ रुपये पडतात. हुंडणावळ शेकडा साडेतीन असली तरी १०,४१३ रुपये होतात. आतां त्याच ग्राहकानें रुपये पत्करले आणि परदेशी कंपनीची वाढ शेकडा पांच असली, तर पावतीच १०,५०० रुपयांची होते. त्यावर त्याच्या बँकेनें शेकडा एक आकार घेतला तर १०५ रुपये, आणि त्यावरील कर १८ रुपये ९० पैसे. एकूण १०,६२३ रुपये ९० पैसे. पहिल्या हिशेबाच्या मानानें ३८७ रुपये ९० पैसे जास्त. एका जेवणाच्या बिलावर ही रक्कम कदाचित् डोळ्यांत भरणार नाहीं. परंतु मुलाच्या परदेशांतील शिक्षणाचें शुल्क अथवा वसतिगृहाचें भाडें कार्डानें भरणाऱ्या कुटुंबास हाच फरक लाखामागें ३,८७९ रुपये पडतो. आणि तो प्रत्येक हप्त्यास पडतो.

या सोयीच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे तेंहि सांगितलें पाहिजे. रुपयांत पावती घेतली कीं किती पैसे गेले हें जागच्या जागीं कळतें. कचेरीच्या खर्चाचा हिशेब देणाऱ्यास तें सोईचें वाटतें. युरोपीय संघानें तर एप्रिल २०२० पासून असें बंधन घातलें आहे कीं, अशा रूपांतराचा एकंदर आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराहून शेकडा किती जास्त आहे, हें ग्राहकास आधीं दाखविलें पाहिजे. परंतु आकडा दाखविणें आणि आकडा रास्त असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेकडा सहाचा बट्टा प्रामाणिकपणें सांगितला म्हणून तो शेकडा दोन होत नाहीं.

तेव्हां परदेशीं जाणाऱ्यानें कोणतें धोरण ठेवावें, हें पूर्वीच्या यात्रेकरूकडून शिकण्याजोगें आहे. निघण्यापूर्वीं आपल्या प्रत्येक कार्डाची हुंडणावळ दरपत्रकांत पाहावी आणि कमी हुंडणावळीचें कार्ड हाताशीं ठेवावें. परकीय चलन आगाऊ भरलेलें कार्ड घ्यावयाचें तर ज्या देशांत जावयाचें त्याच देशाचें चलन त्यांत भरावें. डॉलरचें कार्ड घेऊन युरोपांत खर्च केला तर चलन पुन्हां बदलतें व नवा आकार बसतो. दुकानांत यंत्रानें विचारलें तर न चुकतां त्या देशाचें चलन निवडावें. गुप्त क्रमांक दाबण्यापूर्वीं अथवा सही करण्यापूर्वीं रकमेपुढील चलनाचें नांव वाचावें. विक्रेत्यानें परस्पर रुपये निवडले असतील, तर तो व्यवहार रद्द करून स्थानिक चलनांत पुन्हां करण्यास शांतपणें सांगावें. निवड ग्राहकानें करावयाची, असा कार्ड-संस्थांचा नियमच असल्यामुळें अशी मागणी करण्यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं. पावती जपून ठेवावी आणि घरीं परतल्यावर बँकेच्या हिशेबाशीं ती ताडून पाहावी.

पेशवाईंतील कुणब्यास सराफाला नकार देतां येत नव्हता, कारण सारा भरण्याची वेळ टळत नव्हती. आजच्या प्रवाशाची स्थिति तशी नाहीं. रुपयांत नको, असें म्हणतां येतें. तसें म्हटल्यानें खरेदी अडत नाहीं आणि कोणाचा अवमानहि होत नाहीं. रायगडावर १६७४ मध्यें जी मोकळीक राजानें आपल्या प्रजेसाठीं राखून ठेविली, ती आज त्या लहानशा पडद्यावर प्रत्येकास मिळालेली आहे. घाईच्या वेळीं क्षणभर थांबून ती वापरणें एवढेंच उरलें आहे.